वाडीची झोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका. पण आधी मी कोण ते ऐकून घ्या. नाहीतर वाटेल, कुणी रडकी बाई गाऱ्हाणं घेऊन आलीय. रडकी मी कधीच नव्हते.

रिह्याच्या खोऱ्यात माझं सासर. भाताची शेती, चार माणसांत नाव असलेलं घर. मी इथली आशाताई. गावात कुणाला दिवस गेले की तिच्या सासूच्या आधी मला कळतं — हे फुशारकीनं नाही सांगत. बरं, फुशारकीनंच सांगतेय. काम केलंय मी! घोटावड्याकडच्या कंपन्यांत जाणाऱ्या बाप्यांना सुट्टीच्या दिवशी दारात अडवून विचारलंय, पोर काय एकट्या बाईचं हाय का? मुलगी झाली म्हणून बाळंतिणीच्या ताटातलं तूप कमी करणाऱ्या सासूला तिच्याच ओट्यावर बसून सुनावलंय. लसीच्या दिवशी आमच्या कातकरवाडीच्या बायका बाहेर पायरीवर बसून राहायच्या, गावातल्यांचं उरकलं की मग आत. ते मी मोडलं. आधी येईल तिचा नंबर आधी, मग ती बंगल्यातली असो की वाडीतली. त्यावरून गावातल्या दोन घरांनी मला हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं. गेली उडत.

लोकांची पायरी मोडताना माझ्या अंगात केवढा जोर होता. आणि माझी स्वतःची?

तिथंच येतेय. जरा दमानं घ्या.

बाळंतीण घरी आली की आम्ही तिच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतो. हातात धरायचा काटा असतो, त्याच्या आकड्याला कापडाची झोळी, झोळीत बाळ. रिकामी झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. साधं काम. मी माझ्या जुन्या सुती साडीच्या दोन झोळ्या शिवल्या होत्या. एक माझ्या पिशवीत राहायची, गावातल्या पोरांसाठी. दुसरी वाडीच्या तोंडाशी आंब्याच्या फांदीला टांगलेली असायची.

कळलं ना? ती झोळी मला घरी न्यायची नव्हती. माझ्या पिशवीत, माझ्या घरात, माझ्या खुंटीला नको होती.

सासूबाईंचं नाव पुढे करता आलं असतं. पण त्या बिचाऱ्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मीच ठरवलं, मीच शिवलं, मीच टांगलं. आणि एकदा पौडच्या बैठकीत आमच्या वरच्या मॅडमनी विचारलं तेव्हा मी काय सांगितलं असेल? म्हटलं, जंतूंची बाधा नको म्हणून वाडीची झोळी वेगळी ठेवते. मॅडम खूश! सगळ्यांसमोर मला उभं केलं, म्हणाल्या, डोकं चालवावं तर असं. बाकीच्या आशांनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींनी तर माझं बघून आपापल्या वाडीत तशीच सोय केली. माझी छाती अशी फुगली होती — खोटं कशाला बोलू, आज सांगतानाही ती फुगलेली आठवते.

मग सुमी बाळंत झाली.

सुमी वाडीतली, तिची ही दुसरी मुलगी. बाळंतपण दवाखान्यात नीट झालं, पोर अंगानं जरा बारीक होती. भातलावणीचे दिवस, पाऊस कसला थांबतोय. मी छत्री सावरत वाडीत गेले आणि फांदीवरची झोळी काढली. चिंब. दोन बोटांत धरली तर टोकाला धार लागली.

पिळली का? नाही. पिळायची तर दोन्ही हातांत घ्यावी लागली असती. काटा शून्यावर आणला का? नाही. तो मी घरून निघताना माझ्या कोरड्या झोळीवर आणलेला होता.

सुमी आत पडून होती. तिच्या सासूनं पोर बाहेर पडवीत आणलं. मी काटा वरच्या कडीला धरून उभी, म्हातारीच्या हातात झोळी. तिनं झोळीकडं बघितलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडं बघितलं. काही दिवसांचंच पोर त्या गार फडक्यात ठेवलं. ते कळवळून रडलं.

काटा अडीच किलोच्या रेषेच्या जरा वर गेला. त्या रेषेच्या खाली पोर भरलं असतं तर मी तेव्हाच दवाखान्यात पाठवलं असतं. पण त्यात झोळीतलं पाणीही भरलं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही? कळलं होतं की! इतकी वर्षं तोच काटा धरतेय. कोरडी, धुतलेली झोळी पिशवीत होती. ती काढली असती तर पुन्हा गावातल्या पोरांना कशी लावायची, एवढाच विचार आला. मी अडीचच्या वरचा आकडा लिहिला आणि निघाले.

चार-पाच दिवसांनी म्हातारी आमच्या बांधावर धापा टाकत उभी. पोर दूध ओढत नव्हतं, गार पडत होतं. आता यापुढचं गावात सगळ्यांना माहीत आहे. मी चिखलाच्या पायांनी धावले. जीप थांबवली. गाडीत बसल्या बसल्या ब्लाउजची बटणं काढून त्या पोरीला माझ्या उघड्या छातीशी लावली, वरून पदर, वरून सुमीची गोधडी. ड्रायव्हर पुढं, लाज कसली! सगळ्या वाटेत तिचं नाक माझ्या कातड्याला लागत होतं, आणि मी म्हणत होते, श्वास घे गं बाये. शिवाशिव कुठल्या कुठं गेली. पोर वाचली. त्याचा मला अभिमान आहे आणि मरेपर्यंत राहील. तो कुणाला देणार नाही मी.

पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी वजन चांगलं होतं, मग एवढं उतरलं कसं?

मी म्हटलं, आईला दूध कमी असेल.

सुमी शेजारीच उभी होती. नंतर बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळ आली. अगदी हळू म्हणाली, "ताई, सासू म्हणती, झोळी वल्ली व्हती. लई वल्ली."

"न्हाई गं," मी म्हटलं. "कोरडी व्हती. म्हातारीला दिसतं का नीट?"

सुमीनं मान हलवली. सासू खोटी, ताई खरी. मला एवढी लेकीबाळींची माया, मी कशाला खोटं बोलेन?

"मग माजंच दूध कमी पडलं," ती म्हणाली.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यावर ती झोळी आंब्यावरून काढून चुलीत घातली. पुढच्या बैठकीत सांगितलं, दोन झोळ्या नकोत, एकच ठेवा, दर वेळी धुवा, दर वेळी काटा शून्यावर आणा. ऐकलं सगळ्यांनी. कारण कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता माझी एकच झोळी आहे. वाडीतल्या पोराची झोळी माझ्याच अंगणातल्या दोरीवर वाळते.

सुमीची पोर आता शाळेत जाते, चुरूचुरू बोलते. आणि सुमी? गावाच्या आरोग्य समितीवर वाडीची बाई आजवर कधी नव्हती. तिला मी बसवलं, भांडून बसवलं. आता ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसते. पुरुषांसमोर उभी राहून असं ठणकावून बोलते की मला वाटतं, ही माझी कमाई.

वाडीत नवी बाळंतीण आली की सुमी तिला जवळ घेऊन सांगते. परवाच्या मातासभेतही सांगत होती. "माजं दूध कमी पडलं व्हतं. मला कळलंच न्हाई. माजी पोर माज्यापायी जात व्हती, ताईनं अंगाला लावून आणली. तुमी माज्यासारखं करू नका."

बायका डोळे पुसत होत्या. तिची सासू दाराशी बसली होती, खूप थकलीय आता. ती माझ्याकडं बघत होती. त्या दिवशी पिशवीकडं बघितलं होतं तसंच.

सुमीचं बोलून झालं. सगळ्यांच्या आधी मी टाळ्या वाजवल्या.