कराची ते मुंबई, सात तास

तात्यांच्या देहाची विटंबना माझ्या बढाईमुळे झाली. परवा जळगावच्या बाजारात केळीची ओली पानं गाडीतून उतरत होती. त्या वासाने मी बारा-तेरा वर्षांमागच्या वैशाखात, धुळ्याला अक्कांच्या ओट्यावर जाऊन पोहोचलो.

अक्कांचे यजमान तात्या त्या सकाळी गेले होते. थोरला मुलगा कराचीत नोकरीला. दुपारी त्याची 'निघालो' अशी तार आली. जाणती माणसं म्हणाली, "गाडीने तीन दिवस लागतील. धाकट्याला अग्नी देऊ द्या." मी शेजारचा मास्तर. तेव्हा नव्यानेच सुरू झालेल्या विमानाबद्दल वर्तमानपत्रात वाचलेलं ऐटीत सांगितलं, "गाडी कशाला? कराची ते मुंबई विमानाने सात तास! उद्या सकाळी तो दारात."

"आयकं का? मना पोऱ्या येई ऱ्हायना," मुलगा येतोय एवढंच धरून अक्का म्हणाल्या. "थांबा."

तात्यांना ओल्या पानांवर ठेवलं. रात्रभर मीच पाणी शिंपडलं. दुसऱ्या दुपारी खांदेकऱ्यांनी उपरण्याने नाकं झाकली, आणि अक्कांनी ते पाहिलं. अग्नी शेवटी धाकट्यानेच दिला. थोरला आला तो गाडीने. विमान आठवड्यातून एकदा टपाल घेऊन सुटे. त्याच्यासारख्याला त्यात जागा कुठली?

अक्का मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याआड मी लपून राहिलो.

बाजारातून मी तसाच धुळ्याला गेलो, त्यांच्या पायांशी बसलो. "अक्का, किती तास लागतात तेवढंच मला ठाऊक होतं. विमान कधी सुटतं, त्यात कोण बसतं, काही ठाऊक नव्हतं. तरी बोललो. तात्यांना मी नासवलं. मला क्षमा करा."