सुभ्याची ट्रॉली

सुभ्या परवा गेला, आणि मी अजून त्याच्यावर चिडलेलोच आहे.

हार्ट अटॅक. पाटणला, घरीच. वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या.

काल जाऊन आलो. आज सुट्टी टाकून घरी बसलोय. बायको म्हणते, बोला की काहीतरी.

कुणाशी बोलू? ज्याच्याशी बोलायचं होतं तोच नाही.

ब्याण्णवला सांगलीत डिप्लोमाला आम्ही रूम पार्टनर. मी साताऱ्याचा, तो पाटणच्या पुढच्या एका वाडीतला. घरी ऊस, चुलता मिलिटरीत. चुलत्याने आणलेला टेप याच्या कॉटखाली, आणि त्यावर दिवसभर इंग्लिश गाणी.

तेव्हा कॅसेट भरून मिळायच्या. कोरी कॅसेट दुकानात द्यायची, आठवड्याने भरून यायची. दुकानदार वर नुसतं ‘इंग्लिश’ लिहायचा. बँड कुठला, गाणं कुठलं, कशाचाच पत्ता नाही.

गिटारवर जो तुकडा फिरून फिरून येतो आणि डोक्यात घर करून बसतो, त्याला रिफ म्हणतात हे फार नंतर कळलं. आम्ही ‘तुकडा’च म्हणायचो. नावंही आम्हीच ठेवलेली.

माझा लाडका ‘सुतारपक्षी’. टकाटक, एकदम फास्ट.

त्याची ‘ट्रॉली’. उसाने भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टर दम खात खात ओढतो, तसा तो तुकडा. जड, संथ.

जगातला सगळ्यात भारी तुकडा कुठला, यावर आम्ही तीन वर्षं भांडलो. रविवारी संध्याकाळी मेस बंद असायची, मग कृष्णेच्या घाटावर भेळ खात भांडायचो. आमच्या टोळक्यातले बाकीचे चौघे पंच.

एकदा कोयनेचा धक्का सांगलीपर्यंत जाणवला. अख्खं हॉस्टेल खाली पळालं. हा कॉटवर तसाच.

"बस रं खाली. आमच्याकडं रोजचंच हाय ह्ये. तर मी काय म्हणत हुतो, ट्रॉलीत दम हाय का न्हाई?"

मग त्याने गिटार घेतली. सेकंडहँड. मिरजेत सतारी बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून तारा बसवून घेतल्या. कॅसेट लावायची आणि तिच्याशी गिटार जुळवायची, हा त्याचा रियाज. त्यासाठी तारा इतक्या उतरवायला लागायच्या की कारागीर वैतागला. म्हणाला, "बाळ, अजून उतरवलीस तर कपडेच वाळत घाल हिच्यावर."

पण वाजवायचा, राव. गावाकडची भाषा आहे म्हणून वर्गात तोंड न उघडणारा पोरगा. ट्रॉली सुरू केली की दारात गर्दी व्हायची.

पुढे मला पुण्यात नोकरी लागली, तो शेतीवर गेला. तरी दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सहा जण साताऱ्याला स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटायचोच. वाद चालूच.

सत्त्याण्णवला ऑफिसातल्या एकाच्या रूमवर ओरिजिनल कॅसेट लागली आणि मी ताडकन उठलो. ट्रॉली होती. पण पळत होती.

साधी गोष्ट होती. कॅसेट भरताना दुकानदार ज्या डेकवर मूळ गाणं वाजवायचा, त्याचा बेल्ट सैल असणार. गाणं हळू भरलं गेलं. आमचा सुभ्या पाच वर्षं एका बिघाडावर जीव टाकत होता.

शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी ती कॅसेट मागून घेतली, दिवाळीनंतर साताऱ्याला नेली आणि हॉटेलच्या टेपवर पंचांसमोर लावली. सगळे पोट धरून हसले. मी सगळ्यांत जास्त.

सुभ्याने दोनदा ऐकलं.

"मंजी आपला तुकडा कुणी वाजवलाच न्हवता?"

"नाही. तो बेल्टने वाजवला," मी म्हणालो. काय हुशारी वाटली होती मला त्या वाक्याची.

"मग तुजंच बरोबर हाय गड्या," म्हणाला, आणि सगळ्यांना चहा सांगितला.

तिथून पुढे तो कधी भांडला नाही.

मी डिवचायचो, मुद्दाम फोन करून. "सुतारपक्षी भारी ना रे?"

"व्हय, भारी हाय. पोरं कशी हायत? तिकडं पाऊस झाला का?"

गिटार माळ्यावर टाकल्याचं वहिनींकडून कळलं.

इतकी वर्षं मी जिंकलेला आहे आणि इतकं एकटं मला कधी कशाने वाटलं नाही. एकदा तरी शिवी घालायचीस सुभ्या, म्हणायचं होतंस की कळतंय काय तुला. चिडलोय तो यासाठी.

पण खरं सांगतो. त्या रूमवर ओरिजिनल ऐकलं तेव्हा मला आधी वाईट वाटलं होतं. गाणं चांगलंच होतं, पण पोकळ वाटलं. त्यात ओझं नव्हतं. तिथेच कळलं होतं की ट्रॉलीच भारी आहे. माझ्या सुतारपक्ष्यापेक्षा आणि त्या ओरिजिनलपेक्षाही.

जिंकायची संधी दिसली, म्हणून मी ते गिळलं. फोनवर सांगायला दोन मिनिटं लागली असती. पंचवीस-सव्वीस वर्षं नाही सांगितलं.

पंचांनो, तुम्ही चौघेही इथे फेसबुकवर आहात. तुमच्यासमोर हसलो होतो, म्हणून तुमच्यासमोरच लिहितोय. निकाल फिरवा.

आणि सुभ्या, कुणी वाजवला नव्हता म्हणजे काय रे?

तू वाजवायचास की. सांगलीत, रोज, तारा उतरवून. अख्ख्या जगात तो तुकडा फक्त तुझ्याच हातात होता, आणि मी तो काढून घेतला.

माफ कर गड्या. हात जोडतो.