सगुणेच्या छातीतला आवाज

आमच्या गोंदियाच्या डॉक्टरांइतका रोग्यावर खेकसणारा माणूस नागपूर ते कलकत्ता या लांबलचक रेल्वेलाइनीवर दुसरा सापडला नसता, आणि तरीही त्यांच्या दवाखान्यातून रडत बाहेर पडलेलं माणूस मी कधी पाहिलं नाही. नागपुरात शिकून आले होते, पण बोलत ठेट गावचं. ताप आलेल्याला ते "कायले आला?" असं दरडावून विचारत, जणू त्यानेच तापाला आवतण धाडलं होतं. मालगुजार असो की मजूर, बाक एकच. आणि सगळ्यात विचित्र खोड म्हणजे रोग्याची छाती तपासून झाली की छाती ऐकायची आपली नळी ते त्याच्या घरच्यांच्या कानात खुपसत. एकदा एक तांदळाचे व्यापारी संकोचून म्हणाले, "डॉक्टरसाब, मैं क्या समझूँगा?" डॉक्टर म्हणाले, "समझना नहीं है, सुनना है." शेठजींनी मुकाट्याने आपल्या आईचं हृदय ऐकलं आणि बराच वेळ नळी सोडेनात.

मी तेव्हा सौंदडला शाळामास्तर होतो. माझी सगुणा सहा वर्षांची असताना एका फिरत्या डॉक्टराने तिची छाती तपासली आणि 'हृदयात आवाज आहे' एवढंच सांगून तो पुढच्या गावाला निघून गेला. त्या दिवसापासून आम्ही पोरीचा पाय जमिनीला लागू दिला नाही. शाळेत माझ्या खांद्यावर, विहिरीवर आईच्या कडेवर. धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिच्या मैत्रिणी चिखलात लोळत होत्या आणि ही ओसरीवर खाटेवर बसून त्यांना बघत होती. आठ महिन्यांनी ती चार पावलांत धापा टाकू लागली. मग तर आमचा धीरच सुटला आणि आम्ही गोंदिया गाठलं.

डॉक्टरांनी बराच वेळ ऐकलं. मग नळी माझ्या बायकोच्या कानात घातली.

"आयकू आला आवाज? आता मले सांगा, धानाच्या वरच्या बांधीतलं पानी धुऱ्याच्या मातीतल्या फटीतून खालच्या बांधीत उतरते, तवा आवाज करते का नाही?"

"करते," बायको म्हणाली.

"म्हणून धान मरते काय?"

"नाही. पण मग पोरीले धाप काऊन लागते?"

"मले आठ महिने खाटेवर बसवून ठेवा. मलेबी लागन."

तरी नागपूरला नेऊन यंत्राने छातीचा फोटो काढायचं त्यांनीच ठरवलं. "म्या सांगतलं म्हणून मानू नका," म्हणाले, आणि दवाखान्याला कुलूप घालून आमच्याबरोबर थर्ड क्लासात येऊन बसले. वाटभर सगुणेला संत्री सोलून देत होते आणि आम्हाला दटावत होते. पण नागपूरच्या इस्पितळात तिला आत नेऊन दार लागलं, तेव्हा बाहेरच्या बाकावर हेच गृहस्थ आपलं उपरणं पिळत बसले. मोठ्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं की हृदय चांगलं आहे, वय वाढेल तसा आवाजही बहुधा जाईल. आमच्याआधी डोळे भरले ते यांचे.

परतताना गोंदियाला उतरून घरी जायचं सोडून ते आमच्याबरोबर सौंदडच्या छोट्या गाडीत चढले. कशाला, ते सांगेनात. सौंदडला उतरताच म्हणाले, "गुरुजी, पोरीले खाली ठेवा." मी ठेवलं. "आता धाव वो माय, त्या पळसापर्यंत."

सगुणा जागची हलेना. ती आमच्या तोंडाकडे बघत होती. आठ महिने आम्ही जे शिकवलं, ते ती मन लावून शिकली होती. तेवढ्यात बायकोने पदर खोचला, पोरीचा हात धरला, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मी माझ्या बायकोला धावताना पाहिलं.

दोघी पळसाला शिवून धापा टाकत, हसत परत येत होत्या. आभार मानायला मी वळलो, तर डॉक्टरांनी तोंड फिरवून घेतलं होतं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आभार मानायचे राहूनच गेले.