शेणात न चालणारी अंगठी

१९८८ साली मी एकतीस वर्षांचा होतो. आज सुनेनं माझ्या कैलासवासी बायकोची, पारूची, ओपलची अंगठी उन्हात धरली. दुधट खड्यात हिरवं-तांबडं हललं, आणि मी मनानं परत त्या सालच्या गुजरी बाजारातल्या सराफाच्या गादीवर जाऊन बसलो.

पारू बोट फिरवत म्हणाली होती, "अवो, पाण्यावर तेल पडल्यागत रंग हाईत की ह्यात!"

सराफ म्हणाला, "वहिनी, खडा नाजूक हाय. शेणात, राखेत हात घालणार असाल तर नको. सगळं शोषतो, मग रंग मरतो."

तिनं अंगठी काढली. "चार म्हशी हाईत आमच्या. शेण कोण काढणार?"

सराफ गालात हसला. मला झोंबलं. "बांधा," म्हटलं.

तेव्हा वाटलं, सराफाला दाखवून दिलं. आता डोळ्यापुढं येतं ते रंग बघताना उजळलेलं पारूचं तोंड.

दुसऱ्या दिवशी ती उठायच्या आत मी शेणाची पाटी डोक्यावर घेतली. तालमीतले गडी वाटेतच ओरडले, "काय पैलवान, वहिनी माहेरी गेल्या व्हय?"

"घरातच हाईत," म्हटलं, आणि पाटी तशीच उकिरड्यापर्यंत नेली.