चुन्याची रेघ

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या आमच्या पार्कात रोज सकाळी भेटणाऱ्या त्या रिटायर्ड डॉक्टरांना मी नुसतं काका म्हणतो. नाव विचारायचं राहूनच गेलं. आमची वाट बेसबॉलच्या मैदानातून जायची. मैदानाच्या कडेची चुन्याची रेघ आली की काका थांबायचे आणि पाय चांगला उंच उचलून ती ओलांडायचे. चुकून माझा पाय तिच्यावर पडला, तर खेकसायचे, "खेळाडूसुद्धा देत नाहीत रे पाय, अपशकुन मानतात!"

यंदा पार्कवाल्यांनी ते मैदान मोडून फुटबॉलचं केलं. मला वाटलं, काका भडकतील. ते एवढंच म्हणाले, "लोकांना आता फुटबॉलच हवाय, त्यांचंही बरोबर आहे. पण मी इथे आलो ना, तेव्हा या लोकांशी बोलायला माझ्याकडे बेसबॉलशिवाय दुसरं काही नव्हतं."

हल्ली ते वॉकर घेऊन चालतात. काल त्या हिरवळीत एका जागी थांबले. तिथे आता नुसतं गवत आहे. मी आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. मग दोन्ही हातांनी वॉकर उचलून पलीकडे ठेवला, आणि त्याच्यामागून एकेक पाय, जमेल तेवढा उंच उचलून, पलीकडे नेला.