ऑपेरा हाऊसमधला ‘वन्स मोअर’

सासूबाई गेल्या, आणि माझ्या डोक्यात सकाळपासून कोणीतरी बाई फ्रेंचमध्ये गातेय.

फोन आला तेव्हा मी इराचा डबा भरत होते. समीर मिळेल त्या फ्लाइटने सांगलीला निघालाय. मी आणि इरा इथेच, ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला.

दोनदा चहा केला. दोन्ही वेळा प्यायचा राहिला.

आईंबद्दल काय लिहावं, खरंच कळत नाहीये. चार वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे तीन महिने राहिल्या होत्या. तेव्हा आमचं बोलणं म्हणजे, "भाजी कोणती करू?" आणि "तुम्हाला हवी ती करा."

भांडण कधीच नव्हतं. पण फार जीव होता असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?

समीरने त्यांच्यासाठी सरप्राइज म्हणून ऑपेराची दोन तिकिटं काढली. सिडनीचं ऑपेरा हाऊस, शनिवारी दुपारचा शो, जुना गाजलेला फ्रेंच ऑपेरा.

आईंचे वडील संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. आईंचं अर्धं बालपण विंगेत गेलेलं. म्हणून एवढा थाट.

आणि ऐन वेळी समीरला स्टीलवर्क्सला शिफ्ट लागली.

"तू जा ना आईबरोबर. इझी आहे. ट्रेनने जायचं, बसायचं, ऐकायचं."

इझी म्हणे!

आईंनी मोरपंखी सिल्कची साडी नेसली, पायात माझे स्नीकर्स. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नंतर बघते तर शेजारचे आजोबा चक्क शॉर्ट्समध्ये. म्हणजे कोणाचं चुकलं होतं, तेही कळेना.

ऑपेरा सुरू झाला. कोण कोणावर प्रेम करतंय, हेच मला अर्धा तास समजलं नाही. वर इंग्रजी अक्षरं यायची, ती वाचेपर्यंत गाणारा बदललेला असायचा.

मी आईंच्या कानात भाषांतर करायला गेले.

"गप गं. ऐकू दे," आई म्हणाल्या. "तिला जायचं नाहीये. पण ती जाणार."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून."

मग त्या बाईचं मोठं गाणं झालं. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्या, ऑर्केस्ट्रावाल्याने पुढचं सुरू करायला हात उचलला.

आणि आई खणखणीत आवाजात ओरडल्या, "वन्स मोअर!"

ऑपेरा हाऊसमध्ये. सिडनीत.

पुन्हा एकदा, "वन्स मोअर!"

चार रांगा वळल्या. कोणीतरी हसलं. कौतुकाने की कुत्सितपणे, मला आजही सांगता येणार नाही.

मी आईंचा हात घट्ट धरला आणि दातओठ खात म्हटलं, "आई, गप्प बसा! इथे असलं चालत नाही."

त्या गप्प बसल्या.

एवढ्या गप्प, की शेवटी सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तरी त्यांचे हात मांडीवरच.

परतीच्या ट्रेनमध्ये बराच वेळ खिडकीबाहेर समुद्र बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "काय गं, एवढं जीव तोडून गायली ती. पुन्हा म्हण, असं कोणीच म्हणायचं नाही तिला?"

"टाळ्या वाजवतात ना, आई."

"हं."

तेव्हाच सॉरी म्हणायला हवं होतं. मी फोनमध्ये डोकं घातलं.

चार वर्षं दर व्हिडिओ कॉलला ठरवायचे, आज म्हणू. मग इरा मध्ये यायची, नाहीतर नेटवर्क जायचं. नाहीतर मीच शेपूट घालायचे.

दुपारी नणंदेचा फोन आला. रडत होती, मध्येच हसत होती.

"वहिनी, ती ऑपेराची गोष्ट आईने गल्लीत सगळ्यांना सांगितली होती. काल हॉस्पिटलमध्ये नर्सलासुद्धा."

"काय सांगायच्या?"

"की मी भर थिएटरात ओरडले, सगळे गोरे वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर माझ्या सुनेने माझा हात असा घट्ट धरला. म्हणाली, आई, घाबरू नका, मी आहे."

मी असं म्हटलंच नव्हतं.

नणंदेला खरं सांगणार होते. नुसतं "हो गं" म्हणून फोन ठेवला.

आता बसून तोच विचार करतेय. त्या गोंधळात आईंना खरंच तसं ऐकू आलं? छे. त्यांना एका बाईच्या आवाजावरून न कळणाऱ्या भाषेतलं दुःख कळत होतं. माझं मराठी कळलं नसेल?

की सगळं कळलं होतं, आणि तरी चार वर्षं त्या लोकांना माझ्याबद्दल चांगलंच सांगत राहिल्या?

इरा शाळेतून आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ममा, आर यू सॅड ऑर आर यू मॅड?"

काय सांगू तिला?

आई, तुम्ही सांगितलेली ती सून मी नव्हते. व्हायला हवं होतं, हे फार उशिरा कळलं.

मला माफ करा. इथूनच वाकून नमस्कार करते. सांभाळून जा, आई.