सांभर आणि एक छोटी गोळी

परवा शिलाई मशिनला तेल घालताना बंदुकीच्या तेलाचा तोच वास आला, आणि काकांच्या पॉइंट टू-टू रायफलीनं मला पुन्हा वैताग आणला. तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, गल्लोगल्ली साहेबांच्या लाल दिव्याच्या गाड्या फिरत होत्या आणि बंदुकांचे जुने परवाने नव्यानं तपासून घ्यायचे होते. आजोबांची ती रायफल शिकारबंदीपासून चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी कपाटात नुसती पुसली जायची. पण परवाना अडला तर ती ठाण्यात जमा होणार, म्हणून काकांना जेवण जात नव्हतं. मी काकांबरोबर कचेरीत गेलो, तेव्हा तिथले नवे साहेब खुशीत होते. रायफल हातात तोलून म्हणाले, "हमारे पिताजी तो इसी से सांभर गिराते थे, एक गोली में." बाबू लोकांनी माना हलवल्या, मीही हलवली. साहेबांचं पेन कागदावर टेकलं, तेवढ्यात काका म्हणाले, "नहीं साहब, ये खरगोश की गोली है. हिरन के लिए बड़े बोर की बंदूक चाहिए. इससे वो घायल होके भागता है, दो दिन झाड़ी में तड़पता है. मेरे बाप ने एक को ऐसे मारा था, फिर बंदूक नहीं उठाई." पेनाला टोपण लागलं. रायफल ठाण्यात गेली ती गेलीच. सदर बाजारातून परतताना मी फणकारलो, "काका, नुसती मान हलवायला काय जात होतं तुमचं?" "तू हलवून राहिला होता ना," ते म्हणाले, "एका घरातून एक पुरे." आता मी निवृत्त झालो आहे, मान मात्र अजून नोकरीवर आहे.